धक्का न देणारी गाडी

"मामा, कडी सोड!"

माझी बारा वर्षांची भाची भर गर्दीच्या डब्यात मला हुकूम सोडत होती. गाडी भुयारातून भरधाव चालली होती, पुढचं स्टेशन जवळ आलं होतं, आणि ही मुलगी म्हणत होती की वरची कडी सोडून दोन्ही हात खिशात घाल!

आता तुम्हीच सांगा दोस्तांनो, ज्या माणसाचं निम्मं आयुष्य खच्चून भरलेल्या बसमध्ये आणि लोकलमध्ये लोंबकळण्यात गेलं, तो असं कसं करील? ब्रेक लागला की पुढच्याच्या पाठीवर आपटायचं, गाडी सुटली की मागच्याच्या पायावर पाय द्यायचा आणि दोन्ही वेळा "सॉरी, सॉरी" म्हणायचं, हे आपल्या अगदी अंगवळणी पडलेलं. पण भाचीपुढे भित्रा ठरायची माझी तयारी नव्हती. मी कडी सोडली. पाय जरा फाकवून उभा राहिलो आणि डोळे मिटून धक्क्याची वाट बघू लागलो.

धक्का आलाच नाही. काही वेळानं डोळे उघडले, तर दारं उघडलेली आणि माणसं शिस्तीत उतरत होती.

"अगं, गाडी थांबली कधी?"

"मघाशीच!" भाची विजयी मुद्रेनं म्हणाली. "ही गाडी माणसासारखा ब्रेक मारते. बाबा म्हणतात, हिला 'थोडंसं' म्हणजे काय ते कळतं."

गाडीला 'थोडंसं' कळतं? हे काय प्रकरण आहे? मी मनाशी ठरवलं, आज याचा छडा लावायचाच.

झाडांचं शहर

हे सगळं घडलं जपानमधल्या सेंदाई या शहरात, २०२३ सालच्या नोव्हेंबर महिन्यात. टोकियोच्या उत्तरेला साधारण साडेतीनशे किलोमीटरवर हे शहर आहे. शिनकानसेन, म्हणजे जपानची ती प्रसिद्ध वेगवान आगगाडी, तुम्हांला तिथं दीड-पावणेदोन तासांत पोचवते. माझे भावोजी तिथल्या विद्यापीठात दोन वर्षांसाठी संशोधनाला गेले होते. ताई आणि भाचीही त्यांच्याबरोबर होत्या. ताईनं बोलावलं आणि मी निघालो.

सेंदाईला जपानी लोक 'मोरी नो मियाको' म्हणतात. म्हणजे झाडांची राजधानी. नाव अगदी शोभतं. जोझेनजी नावाच्या रस्त्यावर केयाकी वृक्षांच्या इतक्या दाट रांगा आहेत, की वर बघितलं तर फांद्यांची कमान दिसते. मी गेलो तेव्हा पानं पिवळी-तांबूस झाली होती आणि थंडी नाकाला झोंबत होती.

शहरातल्याच एका टेकडीवर आओबा किल्ला आहे. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला दाते मासामुने या सरदारानं तो बांधला आणि पायथ्याशी हे शहर वसवलं. लहानपणी देवीच्या रोगानं मासामुनेचा एक डोळा गेला. म्हणून त्याला 'एका डोळ्याचा ड्रॅगन' म्हणत. किल्ल्याचे वाडे आता उरलेले नाहीत. पण घोड्यावर बसलेला मासामुनेचा पुतळा आहे आणि तिथून अख्खं शहर पायाशी पसरलेलं दिसतं.

आणखी एक गंमत सांगतो. तुमच्या आईबाबांना विचारा, पूर्वी घराघरांच्या छपरावर टीव्हीचा ॲंटेना असायचा, माशाच्या काट्यासारखा दिसणारा. कावळे बसून तो फिरला, की ऐन सिनेमाच्या वेळी चित्र जायचं आणि कुणाला तरी छपरावर चढावं लागायचं! तो ॲंटेना याच सेंदाईच्या विद्यापीठात १९२६ साली जन्माला आला. शिंतारो उदा आणि हिदेत्सुगु यागी या दोघांनी तो शोधून काढला, म्हणून त्याचं नाव यागी-उदा ॲंटेना.

पुतळ्यापाशी उभं राहून मी भाचीला म्हटलं, "बघ, काय हुशार माणसं या गावात होऊन गेली! तूही इथंच शिकतेस. तूही तशीच होणार."

ती एकदम गप्प झाली. मग खाली बघत म्हणाली, "मी हुशार नाहीये, मामा. यादीत आहे तसं."

हळूहळू सगळी हकीकत बाहेर आली. सहावीच्या परीक्षेनंतर तिच्या गावाकडच्या शाळेत तुकड्या पाडल्या. ८० टक्के किंवा जास्त मिळालेल्यांची 'अ' तुकडी, बाकीच्यांची 'ब'. तिच्या जिवलग मैत्रिणीला ८० मिळाले, हिला ७९. फळ्यावर याद्या लागल्या. सगळेजण 'अ' तुकडीला 'हुशार मुलांची तुकडी' म्हणू लागले. मग दुसऱ्या तुकडीला काय म्हणत असतील, ते मी सांगायला नको. शाळा सुरू व्हायच्या आतच भाची सेंदाईला आली. 'ब' तुकडीत ती एक दिवसही बसली नाही. पण ती यादी मात्र मनात घडी घालून बरोबर घेऊन आली होती. तेव्हापासून तिनं त्या मैत्रिणीला एकदाही फोन केला नव्हता.

मला काय बोलावं ते सुचेना. "एका टक्क्यानं काय होतंय!" असं म्हणणं सोपं असतं. पण ज्याला तो धक्का बसतो त्यालाच तो कळतो.

ढीग कधी संपतो?

संध्याकाळी ताईनं पिठलं-भात केला. जेवताना मी भावोजींकडे गाडीचा विषय काढला. भावोजींनी हातातला घास खाली ठेवला. (आमच्या भावोजींनी घास खाली ठेवला, की समजावं, आता अर्धा तास सुटका नाही!) त्यांनी डब्यातून मूठभर तांदूळ काढून टेबलावर ओतले.

"हा काय आहे?"

"ढीग!" भाची म्हणाली.

त्यांनी एक दाणा उचलला. "आता?"

"ढीगच की."

"आणखी एक उचलला. आता? आणखी एक? असा एकेक उचलत गेलो तर शेवटी एकच दाणा उरेल. एक दाणा म्हणजे काही ढीग नव्हे. मग नेमका कोणता दाणा उचलला तेव्हा ढिगाचा 'ढीग नाही' झाला?"

आम्ही दोघं विचारात पडलो. ताई मात्र आमटी वाढता वाढता म्हणाली, "असा कुठला एक दाणा नसतोच मुळी. ढीग हळूहळू कमी ढीग होत जातो."

"शाबास!" भावोजी म्हणाले. "हेच तर फझी लॉजिक!"

बघा दोस्तांनो, शाळेतलं नेहमीचं तर्कशास्त्र 'हो' किंवा 'नाही' एवढंच जाणतं. ५ ही विषम संख्या आहे का? हो. ६ आहे का? नाही. संपलं. पण आपल्या रोजच्या बोलण्यातले कितीतरी शब्द असे नसतात. गरम, उंच, लांब, म्हातारा, तिखट, गर्दी. बादलीतलं पाणी नेमक्या कितव्या अंशाला 'कोमट'चं 'गरम' होतं? अशी रेघ कुणालाच दाखवता येणार नाही. तरी आई "पाणी जरा जास्तच गरम झालंय रे" म्हणते, तेव्हा आपल्याला बरोब्बर कळतं!

'फझी' म्हणजे कडा विरलेलं, पुसट. अशा पुसट कडांच्या शब्दांनी पक्कं गणित करायची रीत म्हणजे फझी लॉजिक. गणित पुसट नसतं हं! शब्दांच्या कडा पुसट असतात, गणित चोख असतं.

त्यातली मुख्य कल्पना अगदी सोपी आहे. एखादी गोष्ट एखाद्या गटात आहे की नाही, एवढंच विचारायचं नाही. किती आहे, ते विचारायचं. पुरती आत असेल तर १, मुळीच नसेल तर ०, आणि अधलीमधली असेल तर ०.३, ०.७ असं काहीतरी.

"म्हणजे सोळा आणे, बारा आणे तसंच ना?" मी विचारलं.

भावोजी खूश झाले. खरंच, आपल्या मराठीला हे किती जुनं आहे बघा! रुपयाचे सोळा आणे होते तेव्हापासून आपण 'सोळा आणे खरं' म्हणतो. शेतातलं पीक किती आलं हे सांगायला 'आणेवारी' होती, आता 'पैसेवारी' म्हणतात. पीक आलं किंवा बुडालं, एवढ्या दोनच गोष्टी सांगून शेतकऱ्याचं भागत नाही. किती पैसे आलं, ते सांगावं लागतं.

इथं एक घोटाळा टाळायला हवा. 'उद्या पाऊस पडण्याची शक्यता ७० टक्के' हे फझी नव्हे. उद्याचा दिवस संपला की पाऊस पडला की नाही हे ठरून जातं, शक्यता उरत नाही. पण 'आजचं आभाळ ७० पैसे ढगाळ आहे' असं म्हटलं, तर ते दिवसभर बघत बसलात तरी ७० पैसेच ढगाळ राहील. पहिल्यात आपल्याला माहिती कमी आहे. दुसऱ्यात माहिती पुरेपूर आहे, शब्दच उतरता आहे.

बाकूचा मुलगा

ही कल्पना गणितात आणली लोत्फी झादे यांनी. त्यांचा जन्म १९२१ साली कास्पियन समुद्राकाठच्या बाकू शहरात झाला. वडील इराणी, आई रशियन. दहा वर्षांचे असताना ते तेहरानला गेले, तिथं इंजिनिअर झाले आणि १९४४ साली अमेरिकेला गेले. पुढे कॅलिफोर्नियात बर्कलीच्या विद्यापीठात प्राध्यापक असताना, १९६५ साली त्यांनी 'फझी सेट्स' हा लेख लिहिला. सेट म्हणजे संच.

आता ज्यांच्या घरात नववीचा दादा किंवा ताई आहे, त्यांनी त्यांना विचारा. नववीच्या गणितात संचांचा धडा असतो. त्यात शिकवतात, की ज्या समूहातले घटक अचूक सांगता येतात त्यालाच संच म्हणायचं. 'आठवड्याचे वार' हा संच. पण 'वर्गातली हुशार मुलं' हा संच नव्हे! कारण हुशार कोण, हे प्रत्येकजण वेगळं सांगेल.

भावोजींनी हे सांगितलं मात्र, भाचीनं चटकन मान वर केली. "काय? 'हुशार मुलं' हा संच नाही? असं गणिताच्या पुस्तकात शिकवतात?"

"शिकवतात तर! नववीला गेलीस की बघशील."

तिनं काही उत्तर दिलं नाही. पण तिच्या डोक्यात काहीतरी सुरू झालंय, हे मला दिसलं.

झादे यांनी म्हटलं, की अशा समूहांना गणितातून हाकलून कशाला द्यायचं? 'उंच माणसं' हा समूह घ्या. प्रत्येकजण त्यात किती आहे, तो आकडा लिहू या. मग त्यांचंही गणित करता येईल. पुष्कळ नामवंत शास्त्रज्ञांना हे मुळीच पटलं नाही. शास्त्र म्हणजे काटेकोरपणा, त्यात हा ढिसाळपणा कशाला, अशी टीका झाली. झादे शांतपणे काम करत राहिले. २०१७ साली, ९६व्या वर्षी ते वारले, तोवर त्यांच्या कल्पनेवर चालणारी यंत्रं जगभर घरोघरी पोचली होती.

कल्पना यंत्राला पहिल्यांदा जोडली ती इब्राहिम ममदानी यांनी. त्यांचा जन्म टांझानियातला. शिक्षण भारतात झालं आणि १९६६ साली ते इंग्लंडला गेले. लंडनमध्ये १९७४ च्या सुमारास त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यानं प्रयोगशाळेतलं एक छोटं वाफेचं इंजिन फझी नियमांवर चालवून दाखवलं. नियम कसे? 'दाब जरा जास्त असेल तर उष्णता थोडी कमी करा' असे. अगदी एखादा जुना कामगार नव्या पोराला सांगेल तसे!

गाडीच्या डोक्यात काय चालतं?

आता वळू या आपल्या गाडीकडे. सेंदाईची ही भुयारी गाडी १५ जुलै १९८७ रोजी सुरू झाली. तिचं नाव 'नाम्बोकु', म्हणजे दक्षिण-उत्तर. सध्या तो मार्ग पावणेपंधरा किलोमीटरचा आहे, त्यावर १७ स्टेशनं आहेत. गाडीत चालक असतो, पण एकटाच. तो दारं बंद करतो, निघण्याचं बटण दाबतो आणि समोर लक्ष ठेवून बसतो. वेग वाढवणं, कमी करणं, नेमक्या जागी थांबणं हे काम यंत्रणा करते. हिताची कंपनीतले इंजिनिअर सेइजी यासुनोबू आणि शोजी मियामोतो यांनी ती फझी लॉजिकवर तयार केली. रोज हजारो माणसांची ने-आण फझी लॉजिकनं होऊ शकते, हे जगाला याच गाडीनं दाखवून दिलं.

तुम्ही म्हणाल, गाडी थांबवण्यात एवढं काय अवघड? अहो, पुष्कळ आहे! सकाळी डबे गच्च भरलेले, दुपारी रिकामे. भरलेली गाडी जड, थांबायला वेळ घेते. कुठे चढ, कुठे उतार. काही भागांत मार्ग भुयाराबाहेर येतो. तिथं पाऊस पडला की रूळ ओले होतात. शिवाय थांबायचं ते नेमक्या खुणेपाशी. या मार्गावरच्या फलाटांवर २००९ पर्यंत सरकती दारं बसली, त्यामुळे गाडीचं दार फलाटाच्या दारासमोरच यायला हवं.

भावोजींनी कागदावर आकडे मांडून दाखवले. खऱ्या गाडीतलं गणित बरंच मोठं असतं, पण मुद्दा कळायला हे पुरे. तुम्हीही पेन्सिल घ्या.

समजा, ब्रेकला सहा पायऱ्या आहेत. आधी रेघ मारणारी गाडी बघू. तिचा नियम असा: स्टेशन ३० मीटरपेक्षा लांब असेल तर ब्रेक २, नाहीतर ब्रेक ६. मग ३१ मीटरवर ब्रेक २ असतो आणि ३० मीटरवर एकदम ६! धाडकन धक्का. सगळे एकमेकांच्या अंगावर.

आता फझी गाडी. तिचे नियम असे: 'स्टेशन जवळ असेल तर ब्रेक ६. स्टेशन लांब असेल तर ब्रेक २.' जवळ आणि लांब यांच्यामध्ये रेघ नाही. १०० मीटरवर स्टेशन पूर्ण 'लांब', ० मीटरवर पूर्ण 'जवळ', मधे हळूहळू बदल. म्हणजे ३० मीटरवर स्टेशन ७० पैसे जवळ आणि ३० पैसे लांब. दोन्ही नियम एकाच वेळी लागू, पण आपापल्या वाट्याइतके:

०.७ गुणिले ६, अधिक ०.३ गुणिले २. उत्तर ४.८.

आणि ३१ मीटरवर? ०.६९ गुणिले ६, अधिक ०.३१ गुणिले २. उत्तर ४.७६. म्हणजे एक मीटर पुढे सरकलं तर ब्रेक किती बदलला? फक्त ०.०४! प्रवाशाला कळणारसुद्धा नाही. म्हणूनच मला डोळे मिटूनही ते समजलं नव्हतं.

खरी यंत्रणा याहून हुशार आहे. ती क्षणोक्षणी स्वतःला विचारते, 'ब्रेक आहे तसाच ठेवला तर काय होईल? एक पायरी वाढवला तर? एक कमी केला तर?' प्रत्येक पर्यायाला ती गुण देते: सुरक्षित किती, प्रवाशांना आराम किती, वीज किती लागेल, वेळेवर किती, खुणेपाशी नेमकं थांबणं किती. सगळ्यांत मिळून जो पर्याय चांगला, तो ती निवडते. आणि आहे तसंच ठेवून छान थांबता येत असेल तर उगाच लुडबूड करत नाही. अनुभवी चालक नेमकं हेच करतो. इंजिनिअरांनी चालकांची हीच शहाणीव नियमांत उतरवली.

भाची कागदाकडे टक लावून बघत होती. मग हळूच म्हणाली, "म्हणजे जिथं रेघ, तिथं धक्का."

आम्ही तिघंही तिच्याकडे बघतच राहिलो.

"७९ आणि ८० मधे ०.०४ एवढाच फरक असायला हवा होता. पण रेघ मारली, म्हणून धक्का बसला."

रेघ हवी तिथं हवीच!

मला वाटलं, झालं, प्रश्न सुटला. पण मुलं अशी सहजासहजी सोडतात होय? दुसऱ्याच क्षणी तिनं विचारलं, "पण बाबा, मग शाळेनं काय करायचं? मला अर्धं 'अ' तुकडीत बसवायचं आणि अर्धं 'ब'मध्ये?"

ताईला हसू आवरेना. पण प्रश्न बिनतोड होता. भावोजीही जरा विचार करून बोलले.

"हे बघ बाळा, ४.८ हे उत्तर आलं, की गाडीलाही ब्रेक मारावाच लागतो. 'थोडासा मारला, थोडासा नाही' असं चालत नाही. निर्णय शेवटी एकच असतो. आणि काही ठिकाणी तर रेघच हवी. याच गाडीत लाल सिग्नलचं काम फझी लॉजिककडे नाही. त्याला वेगळी यंत्रणा आहे. पुढे दुसरी गाडी असेल तर थांबायचं म्हणजे थांबायचं. तिथं सत्तर पैसे लाल असं काही नाही."

मला ते लगेच पटलं. ११ मार्च २०११ रोजी या भागात भयंकर भूकंप झाला, तेव्हा ही गाडीही बंद पडली. सगळा मार्ग पुन्हा सुरू झाला तो २९ एप्रिलला. दुरुस्ती पुरी झाल्याशिवाय कुणी 'बऱ्यापैकी ठीक आहे, सोडा गाडी' असं म्हणत नाही. मतदानाचं वय १८, तिथंही रेघ लागते, नाहीतर रोज भांडणं होतील. वर्ग दोन असतील तर शाळेलाही मुलं कुठेतरी विभागावी लागतातच.

"मग?" भाचीचा प्रश्न तसाच.

"मग एवढंच," भावोजी म्हणाले, "की रेघ कशासाठी मारली ते विसरायचं नाही. ती रेघ कोणी कुठल्या खोलीत बसायचं यासाठी होती. हुशार कोण, हे सांगायला नव्हती. तुझ्या शाळेनं ८०ऐवजी ७८वर रेघ मारली असती, तर तू तीच असतीस, फक्त खोली बदलली असती. आणि तुकडी पाडताना नुसता एक आकडा बघण्याऐवजी गाडीसारखी चार गोष्टींकडे नजर टाकली असती तर आणखी बरं झालं असतं. कुणाला गणितात गोडी आहे, कुणाची भाषा छान आहे, कोण मेहनती आहे."

"जपानीत 'चोत्तो' म्हणतात ना," भाची म्हणाली, "म्हणजे थोडंसं. मी ती परीक्षेत चोत्तो कमी पडले. बस्स."

"बस्स," ताई म्हणाली. "आता पिठलं पुरतं गार झालंय. चोत्तो नाही, सोळा आणे!"

धुण्याच्या यंत्रातलं शहाणपण

फझी लॉजिक काही सेंदाईतच राहिलं नाही. १९९० साली जपानमध्ये मात्सुशिता कंपनीनं फझी लॉजिकवर चालणारं कपडे धुण्याचं यंत्र आणलं. ते पाण्यातून प्रकाश सोडतं आणि पलीकडे किती पोचतो ते बघतं. पाणी गढूळ तर कपडे मळके. मळ किती, कपडे किती, यावरून किती वेळ धुवायचं ते स्वतःच ठरवतं. त्या वर्षी जपानमध्ये 'फझी' हा शब्द एवढा गाजला, की वर्षातल्या नव्या शब्दांच्या निवडीत त्याला मान मिळाला. पुढे आपल्याकडच्या यंत्रांवरही 'फझी लॉजिक' अशी अक्षरं झळकू लागली. तुमच्या घरच्या यंत्रावर किंवा भात शिजवायच्या कुकरवर आहेत का, बघा बरं.

यंत्र नसलं तरी हरकत नाही. आपण एक प्रयोग करू. एका भांड्यात साधं पाणी, दुसऱ्यात कोमट, तिसऱ्यात त्याहून जरा जास्त ऊन पाणी घ्या. पाणी मोठ्या माणसांकडूनच घ्यायचं आणि हात भाजेल इतकं गरम मुळीच नको. घरातल्या प्रत्येकाला बोट बुडवायला सांगा आणि विचारा, "हे पाणी किती पैसे गरम?" शून्यापासून शंभरपर्यंत आकडा लिहून घ्या. आजी आणि धाकटा भाऊ यांचे आकडे सारखे येतात का? सरासरी काढा आणि आलेख काढा. तुमच्या घराचा 'गरम' हा फझी संच तयार! मग असाच 'तिखट'चा काढा. भांडण झालं तर मला सांगू नका.

मी परत निघालो त्या दिवशी भाची मला पोचवायला सेंदाई स्टेशनपर्यंत आली. त्याच हिरव्या पट्ट्यांच्या गाडीतून. या वेळी मी न सांगताच कडी सोडली. आदल्या रात्री तिनं मैत्रिणीला फोन केला होता. पाऊण तास बोलणं चाललं होतं. त्यात तुकडीचं नाव निघालं की नाही, ते मी विचारलं नाही.

"मामा, तू चाललास म्हणून मला वाईट वाटतंय," ती म्हणाली.

"किती पैसे?"

तिनं खरंच विचार केला. "साठ. उरलेले चाळीस, तू बॅगेतला चिवडा इथंच विसरून चाललायस म्हणून आनंद!"

गाडी थांबली होती. कधी, ते या वेळीही मला कळलं नाही.